दोन मॉकच्या मधले दिवस

एमबीएच्या प्रवेशासाठी द्यायच्या जीमॅट या परीक्षेच्या तयारीत एक टप्पा जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. सूत्रं पाठ झालेली असतात, अधिकृत प्रश्नसंच निम्म्याहून अधिक सोडवून झालेला असतो, पहिल्या मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, ५५५ आणि दुसऱ्याला ५९५ आलेले असतात. पुढे मात्र आकडा ६०५ आणि ६३५ च्या मध्ये कुठेतरी रुतून बसतो. मग दर रविवारी नवा मॉक. सकाळी उमेद, दुपारी आकडा, संध्याकाळी पडलेला चेहरा. नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्यांचे कितीतरी रविवार असे जातात, आणि मॉकचा साठा संपतो तेव्हा आकडा तिथेच असतो. मॉक आपण कुठे आहोत एवढं सांगतो. आकडा वाढायचा तो दोन मॉकच्या मधल्या दिवसांत वाढतो.

आधी हा आकडा काय आहे ते पाहू. नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या आणि आता एकमेव उरलेल्या जीमॅटचे गुण २०५ ते ८०५ असतात आणि शेवटी नेहमी ५ येतो. क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि तर्क) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेखांतली माहिती वापरणं) या तिन्ही विभागांना ६० ते ९० मध्ये गुण मिळतात आणि एकूण गुणांत तिघांचं वजन सारखं असतं. जुन्या परीक्षेतल्या ७०० च्या तोडीला आता साधारण ६४५ आहेत. त्यामुळे दादा-ताईच्या काळातलं ‘सातशेच्या वर हवेत’ हे वाक्य आज जसंच्या तसं घेऊन स्वतःला कमी लेखायचं कारण नाही. आणखी एक गोष्ट मॉक देणाऱ्यांपैकी फार थोडे लक्षात ठेवतात: या एकूण गुणांच्या मापनातच ३० ते ४० गुणांची चूक गृहीत धरलेली आहे. म्हणजे ६२५, ६५५, ६३५ असे ओळीने आले तर मध्ये प्रगती झाली आणि नंतर घसरण झाली, असं काही घडलेलं नाही. तिन्ही वेळा माणूस तिथेच आहे. वीस गुणांच्या वाढीवर पेढे वाटू नयेत आणि वीस गुणांच्या घटीवर अभ्यासाची पद्धत बदलू नये. बघायचे ते तीन विभागांचे वेगवेगळे गुण, आणि तेही तीन मॉकचे शेजारी शेजारी ठेवून.

मॉक कोणते द्यायचे यावर पुष्कळ वाद चालतो. माझं मत सरळ आहे: आकड्यावर विश्वास ठेवायचा तो फक्त अधिकृत मॉकच्या. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे असे सहा मॉक आहेत, त्यातले पहिले दोन फुकट. प्रश्न निवडण्याची आणि गुण देण्याची त्यांची रीत खऱ्या परीक्षेसारखी आहे. खासगी क्लासचे मॉक बैठक जमवायला आणि वेळेचा सराव करायला चांगले, पण त्यांचं गुणांचं गणित त्यांचं स्वतःचं असतं, तो आकडा मनाला लावून घेऊ नये. अधिकृत मॉक पुन्हाही देता येतात, मात्र दुसऱ्या वेळी काही प्रश्न ओळखीचे निघतात. तसा प्रश्न आला की उत्तर आठवत असलं तरी तो पूर्ण सोडवायचा आणि त्यावर नेहमीचा वेळ खर्च करायचा. नाहीतर वाचलेली दोन-तीन मिनिटं पुढच्या अवघड प्रश्नांवर वापरली जातात आणि हाती येतो तो फुगलेला आकडा. सहाही मॉक पहिल्याच महिन्यात संपवून टाकणं हे सगळ्यात महाग पडणारं वागणं. पहिला प्रश्नप्रकार ओळखीचे झाल्यावर द्यावा, दुसरा पायाभूत अभ्यास संपल्यावर, आणि उरलेले चार शेवटच्या सहा-सात आठवड्यांत. दोन मॉकमध्ये निदान आठ-दहा दिवस असावेत, कारण त्याहून कमी दिवसांत चुकांचं काहीही करता येत नाही.

मॉक संपल्यावर लगेच उत्तरांची स्पष्टीकरणं वाचायला बसणं हा जवळपास सगळ्यांचा रिवाज. डोकं थकलेलं असतं, स्पष्टीकरण वाचताना ‘हो हो, हे येत होतं’ असं वाटतं आणि पान उलटलं जातं. त्यातून शिकणं होत नाही, समाधान तेवढं मिळतं. त्या दिवशी फक्त यादी करायची. यादीत तीन प्रकारचे प्रश्न घ्यायचे: चुकलेले, बरोबर आले पण तुक्का मारला होता असे, आणि बरोबर आले पण तीन मिनिटांहून जास्त वेळ खाल्ला असे. तिसऱ्या प्रकाराकडे कुणी बघत नाही, आणि शेवटच्या पाच प्रश्नांत जी धावपळ होते तिचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं.

दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने, घड्याळ न लावता आणि उत्तर न बघता हे सगळे प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायचे. मग मोजायचं: चुकलेल्यांपैकी किती प्रश्न आज स्वतःचे स्वतः सुटले? निम्म्याहून जास्त सुटले तर ज्ञानाची कमतरता नाही, गडबड वाचनात, वेळेत किंवा निर्णयात आहे. अशा माणसाने आणखी सूत्रं पाठ करणं म्हणजे वेळेची नासाडी. उलट सुटलेच नाहीत, तर आठवडाभर मॉकचं नाव न काढता त्या धड्याकडे परत जायला हवं. या एका मोजणीने पुढच्या दहा दिवसांचा अभ्यास ठरतो, आणि नेमकी हीच पायरी वगळली जाते.

मग चुकांची वही. एक्सेलमध्ये ठेवा किंवा दोनशे पानी रजिस्टरमध्ये, रकाने थोडेच हवेत: प्रश्नाचा प्रकार, लागलेला वेळ, चुकीचं कारण, आणि पुढच्या वेळी नेमकं काय करायचं. कारणाच्या रकान्यात ‘सिली मिस्टेक’ लिहायला बंदी. ते कारण नाही, ती पळवाट आहे. चूक वाचताना झाली की मांडणी करताना, आकडेमोडीत की पर्याय निवडताना, हे लिहावंच लागतं. शेवटच्या रकान्यात ‘जास्त काळजी घेणे’ लिहिलं तर पुढच्या मॉकमध्ये त्याचा उपयोग शून्य. उपयोगी नोंद अशी असते: ‘उरलेली रक्कम विचारली होती, मी खर्च झालेली दिली. आता सोडवायला लागण्याआधी कागदावर उरलेली = ? असं लिहून मग पुढे जाणे.’ किंवा, ‘संख्या पूर्णांक आहे असं प्रश्नात म्हटलेलं नव्हतं, मी धरलं. संख्या दिसली की शून्य, ऋण आणि अपूर्णांक तपासणे.’ अशा तीस-चाळीस नोंदी झाल्या की लक्षात येतं, आपल्या चुका तीस प्रकारच्या नाहीतच, चार-पाचच आहेत आणि त्या वेष बदलून येतात. वहीतले प्रश्न बारा-पंधरा दिवसांनी पुन्हा सोडवायचे. तेव्हाही अडलं तर तो प्रश्न वहीत राहतो, सुटला तर खोडून टाकायचा.

क्वांटमध्ये ४५ मिनिटांत २१ प्रश्न असतात आणि कॅल्क्युलेटर नसतो. विषय अंकगणित आणि बीजगणित, भूमितीचे प्रश्न आता गेले. लसावि-मसावि, शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, गुणोत्तर-प्रमाण हे सगळं मराठी शाळेत आठवीपर्यंत शिकून झालेलं असतं आणि शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेल्यांच्या तर हाडीमाशी असतं. वीसपर्यंतचे पाढे, पंचविसापर्यंतचे वर्ग आणि अपूर्णांकांचे शेकडे (एक सप्तमांश म्हणजे साधारण १४.३, एक अष्टमांश १२.५, एक द्वादशांश ८.३३) तोंडावर असले की प्रत्येक प्रश्नात दहा-वीस सेकंद वाचतात. पावकी-निमकी-दिडकी ज्या घरात पाठ करून घेतली जाई, तिथल्या मुलांना इथे आयता फायदा आहे. आपल्याकडची एक सवय मात्र आड येते: दिसलं की गुणायचं. वर ३६ गुणिले ७५ आणि खाली २७ गुणिले ५० असा अपूर्णांक समोर आला की २७०० आणि १३५० काढायला बसायचं. आधी छेद द्यायला शिकलं तर चार तृतीयांश गुणिले तीन द्वितीयांश, म्हणजे २, हे कागदाला हात न लावता येतं.

क्वांटमधला खरा तोटा अवघड प्रश्नांत होत नाही. एक साधा नमुना घ्या. क्ष ही धन पूर्णांक संख्या आहे आणि क्ष च्या वर्गाला १०८ ने नि:शेष भाग जातो. तर क्ष ला खात्रीने भाग जाईल अशी सर्वांत मोठी संख्या कोणती? घाईत १०८ चं वर्गमूळ काढलं जातं, ६ गुणिले तीनचं मूळ, आणि ६ वर खूण होते. दुसरा कुणी क्ष म्हणून ३६ घेऊन बघतो, भाग जातो, आणि ३६ वर खूण करतो. मूळ अवयव पाडले तर १०८ मध्ये दोनदा २ आणि तीनदा ३ आहेत. वर्गसंख्येत प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यायला हवा, म्हणून ३ निदान चारदा हवा. म्हणजे क्ष मध्ये एकदा २ आणि दोनदा ३ असणारच, उत्तर १८. हे नववीच्या मुलालाही कळेल. चुकतं ते ‘खात्रीने’ या शब्दावरून नजर घसरल्यामुळे. परीक्षा प्रश्नागणिक जुळवून घेणारी आहे, बरोबर उत्तराला पुढचा प्रश्न चढा आणि चुकीला उतरता. त्यामुळे आपल्या आवाक्यातला प्रश्न चुकला तर आवाक्याबाहेरचा चुकण्यापेक्षा जास्त नुकसान होतं. आकडा रुतलेल्यांनी सगळ्यात कठीण प्रश्नांच्या मागे लागणं सोडून मध्यम पातळीचे प्रश्न घ्यावेत. एका विषयाचे वीस प्रश्न, आधी बिनघड्याळाचे. त्यातले सतरा-अठरा सलग दोन-तीनदा बरोबर येईपर्यंत घड्याळ लावू नये. अचूकतेच्या आधी वेग आणला तर चुका वेगाने होतात.

डेटा इनसाइट्स हा विभाग सगळ्यांत उशिरा हाती घेतला जातो आणि सगळ्यांत जास्त गुण खातो. प्रश्न २०, वेळ तीच ४५ मिनिटं. इथे पडद्यावर कॅल्क्युलेटर आहे, पण दर प्रश्नाला तो उघडणारा मागे पडतो. आलेख आणि तक्त्यांत पुष्कळदा अंदाजाने भागतं. या विभागातल्या डेटा सफिशिअन्सी प्रश्नांत उत्तर काढायचं नसतं, दिलेली माहिती उत्तराला पुरेशी आहे का एवढं ठरवायचं असतं. उदाहरणार्थ: एका दुकानाची विक्रीतून खर्च वजा जाऊन उरणारी रक्कम यंदा गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहे का? पहिलं विधान: विक्री २०% वाढली. दुसरं विधान: खर्च १०% वाढला. एकेकटं कुठलंच पुरत नाही हे उघड आहे. दोन्ही मिळून पुरतात असं बहुतेक जण म्हणतील, विक्री जास्त वाढली ना! पण गेल्या वर्षी विक्री १०० आणि खर्च २५० असेल तर तोटा १५० होता. यंदा विक्री १२०, खर्च २७५, तोटा १५५. परिस्थिती बिघडली. तेव्हा दोन्ही मिळूनही माहिती अपुरी आहे. दुकान फायद्यात होतं असं प्रश्नात कुठेही म्हटलेलं नव्हतं, आपण ते मनातून आणलं. मनातून आणलेल्या अशा गृहीतकांसाठी चुकांच्या वहीत वेगळं पान राखून ठेवावं.

याच विभागात दोन-तीन भागांचे प्रश्न असतात आणि सगळे भाग बरोबर आले तरच गुण मिळतात, अर्धवट बरोबरला काही नाही. म्हणून तक्त्याच्या प्रश्नात तीन विधानांपैकी एक अजिबात कळत नसेल, तर उरलेल्या दोनांवर अडीच मिनिटं घालवणं म्हणजे नाणेफेकीवर पैसे लावणं. तिथे लवकर तुक्का मारून पुढे जाण्यात शहाणपण आहे. दोन-तीन टॅबमधली माहिती एकत्र वाचायचा संच आला तर पहिल्या वाचनाला दोन-अडीच मिनिटं द्यावीत, ती पुढच्या प्रश्नांत वसूल होतात.

व्हर्बलमध्ये २३ प्रश्न, उताऱ्यांचे आणि तर्काचे. वाक्यदुरुस्ती गेली, त्यामुळे व्याकरणाचे नियम घोकण्याची गरज उरली नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना या विभागाची धास्ती असते आणि ते शब्दसंग्रहाच्या याद्या पाठ करायला घेतात. अडचण शब्दांची क्वचितच असते. लांब वाक्यात कर्ता एका टोकाला, क्रियापद दुसऱ्या टोकाला आणि मध्ये दोन नकार असले की अर्थ निसटतो. यावर रोज अर्धा तास विज्ञान, अर्थकारण, इतिहास यांवरचं सलग इंग्रजी गद्य वाचणं हाच उपाय, आणि त्याचं फळ दिसायला दोन महिने लागतात. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून लेखकाने हा परिच्छेद कशासाठी लिहिला ते एका वाक्यात स्वतःला सांगायचं. मराठीत सांगितलं तरी चालेल. सांगता आलं नाही तर परिच्छेद वाचला गेला, समजला नाही.

तर्काच्या प्रश्नांत पर्याय वाचण्याआधी युक्तिवादातली फट शोधायची. एका शहरात बससेवेबद्दलच्या तक्रारी १५% घटल्या, म्हणून सेवा सुधारली, असं विधान आहे असं समजा. हे कमकुवत कशाने होईल? तक्रारींचा आकडा घटला, पण प्रवासी किती उरले? मार्ग बंद होऊन प्रवासीच ३०% घटले असतील तर दर प्रवाशामागे तक्रारी वाढल्या आहेत. ही फट आधी दिसली की पर्यायांतला बरोबर उत्तराचा धागा पटकन सापडतो. न दिसताच पर्यायांत शिरलं तर ‘शेजारच्या शहरात तक्रारी २०% घटल्या’ असा विषयाशी नातं सांगणारा पण युक्तिवादाला न भिडणारा पर्याय गोड वाटू लागतो. चुकलेल्या प्रत्येक व्हर्बल प्रश्नासाठी वहीत दोन वाक्यं लिहावीत: चुकीचा पर्याय मला का आवडला, आणि बरोबर पर्याय मी का टाकला. फक्त बरोबर पर्याय का बरोबर हे लिहून भागत नाही.

वेळेचं गणित क्वांटमध्ये सोपं आहे, दर १५ मिनिटांना सात प्रश्न. उरलेली मिनिटं मोजणारं घड्याळ ३० दाखवेल तेव्हा सात झालेले, १५ दाखवेल तेव्हा चौदा. व्हर्बलमध्ये त्याच टप्प्यांना साधारण सात-आठ आणि पंधरा, डेटा इनसाइट्समध्ये सहा-सात आणि तेरा. दर प्रश्नाला घड्याळ बघू नये, या दोन टप्प्यांनाच बघावं. दोन प्रश्नांनी मागे असाल तर पुढचे सगळे भरधाव सोडवण्यापेक्षा जो पहिला अवघड येईल तो अर्ध्या मिनिटात तुक्का मारून सोडावा. धावपळीत सोपे प्रश्न बळी जातात, सोडून देण्यात एकच प्रश्न जातो. अडीच मिनिटांनंतरही वाट दिसत नसेल तर पुढच्या एका मिनिटात ती सहसा दिसत नाही. पहिल्या दहा प्रश्नांवरच गुण ठरतात ही जुनी समजूत अजून फिरते आहे. तिच्यापायी सुरुवातीला चार-चार मिनिटं उधळली जातात आणि शेवटी प्रश्न कोरे राहतात, ज्याचा दंड जबर आहे. शेवटच्या मिनिटात डोळे मिटून का होईना, पण प्रत्येक प्रश्नावर खूण हवी.

प्रत्येक विभागाच्या शेवटी वेळ उरला तर मागे जाऊन तीन उत्तरं बदलता येतात. या सोयीचा सराव मॉकमध्येच करायला हवा. आठ-नऊ प्रश्नांना बुकमार्क लावले तर शेवटी त्यांतला कुठला उघडायचा हे ठरवण्यातच वेळ जातो. तीन-चार पुरेत, आणि तेही जिथे आणखी एका मिनिटात उत्तर हाती येईल अशांनाच. ठोस चूक सापडली तरच उत्तर बदलावं, मन चलबिचल झालं म्हणून बदलू नये.

मॉकमध्ये ६५५ आणि खऱ्या परीक्षेत ६०५ असं होतं तेव्हा नशिबाला दोष दिला जातो. तपासलं तर मॉक मध्येच थांबवून चहा घेतलेला असतो, दहा मिनिटांची एकच सुट्टी वीस मिनिटांची झालेली असते, कच्चं काम वहीत पेनने केलेलं असतं. परीक्षा केंद्रावर पुसता येणारे लॅमिनेटेड कागद आणि मार्कर मिळतो. त्याने अक्षर मोठं येतं, जागा लवकर संपते, हात लागला की मजकूर पुसला जातो. तसलाच कागद आणि मार्कर आणून शेवटचे चार मॉक त्यावर द्यावेत. विभागांचा क्रम आपल्याला निवडता येतो. तो पहिल्या दोन-तीन मॉकमध्ये बदलून बघावा आणि मग कायम ठेवावा. परीक्षेचा स्लॉट सकाळचा असेल तर मॉकही सकाळीच, कारण रात्री अकराला चालणारं डोकं सकाळी नऊला तसंच चालेल असं नाही. शेवटचा मॉक परीक्षेच्या चार-पाच दिवस आधी, नंतर फक्त वही चाळणे.

परीक्षा १६ दिवसांनी पुन्हा देता येते, बारा महिन्यांत पाचदा, आणि गुण पाच वर्षं चालतात. गुण पाहिल्यावर ते कुठल्या संस्थेला पाठवायचे ते ठरवता येतं, न पाठवलेला प्रयत्न कुणाला दिसत नाही. म्हणून हैदराबादची आयएसबी असो, आयआयएम अहमदाबादचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असो की परदेशातली संस्था, अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी दुसऱ्या प्रयत्नाला जागा राहील अशी पहिली तारीख घ्यावी. पहिल्यांदा कमी आले तर त्या १६ दिवसांत नवं पुस्तक उघडू नये. निकालासोबत येणाऱ्या अहवालात प्रश्नप्रकारांनुसार कामगिरी आणि वेळेचा हिशोब असतो. तो चुकांच्या वहीशेजारी ठेवून दोन विषय निवडावेत, पहिले आठ-नऊ दिवस त्यांवरच घालवावेत, दहाव्या दिवशी जुना अधिकृत मॉक दुसऱ्यांदा द्यावा आणि उरलेले दिवस त्या मॉकमधल्या चुकांना द्यावेत.